‘फकिरा’ आमच्या वस्तीत उशिरा का पोचली?



गेल्या काही महिन्यांपासून कोल्हापुरातल्या आमच्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना झाली की अर्धा तास ‘सध्या काय वाचतोय’ यावर बोलायचं, असं आम्ही ठरवलं आहे. सुरुवातीला सगळे चरित्रं आणि भाषणं सांगत. कुणी कादंबरीचं नाव घेतलं की बाकीचे हसत. कादंबरी म्हणजे टाइमपास, चळवळीच्या माणसाला तेवढा वेळ कुठं, असा सूर असे. हा समज आम्हाला घातक वाटतो. कोणती कादंबरी कोण वाचतं, ती त्याला वाचायला कुणी सांगितलं आणि कुठली कादंबरी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, यालाही एक इतिहास आहे आणि तो जातीचा इतिहास आहे.

आपल्या शहरापासूनच सुरुवात करू. आजचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली सुरू झालं. पुढे सात वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते आणि तिचा विषय विधवांची दैना हा आहे. म्हणजे मराठी कादंबरी जन्मली तीच सामाजिक प्रश्न घेऊन. पण कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा राजर्षी शाहू महाराजांनी केला तो १९१७ साली. वाचनालय आणि हा कायदा यांच्यात ६७ वर्षांचं अंतर आहे. या काळात आपल्या पणज्या-खापरपणज्यांना कादंबरी कोण सुचवणार होतं? ज्याला अक्षरच ठाऊक नाही त्याला पुस्तक सुचवण्याचा प्रश्नच येत नाही. १९०८ मध्ये महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं, १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, पाणवठे अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही असे हुकूम काढले. तेव्हा कुठं आपल्यातला पहिला वाचक उभा राहिला.

एका माणसानं दुसऱ्याच्या हाती पुस्तक दिल्यानं काय होतं, हे आंबेडकरी माणसाला वेगळं सांगायला नको. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी शाळकरी भीमरावांना आपण लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र भेट दिलं. बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी पुढे त्या भेटीची आठवण आवर्जून काढली. ते चरित्र होतं, कादंबरी नव्हती, हे खरं. पण योग्य हातात दिलेलं एक पुस्तक किती लांब जातं, हे १९५६ च्या धम्मदीक्षेनं दाखवून दिलं.

आता कादंबरीकडे येऊ. कोल्हापूर जिल्हा हा कादंबरीकारांचा जिल्हा. वि. स. खांडेकर इथं राहिले, त्यांची ‘ययाति’ १९५९ ची. रणजित देसाई कोवाडचे, ‘स्वामी’ १९६२ ची. शिवाजी सावंत आजऱ्याचे, ‘मृत्युंजय’ १९६७ ची. इथल्या कुणालाही विचारा, ‘काय वाचू?’ हीच तीन नावं येतील. शाळेतले गुरुजी हीच सांगतात, लग्नाच्या आहेरात हीच येतात. आम्हीही कॉलेजात ‘मृत्युंजय’ रात्रभर जागून वाचली आणि रडलो. कर्णाला भर सभेत कूळ विचारलं जातं तो प्रसंग वाचताना आम्हाला वर्गात आडनाव विचारलं गेलेलं आठवलं. ते रडणं खोटं नव्हतं.

पण एक प्रश्न विचारायचा राहून गेला. कर्ण खरोखरच अधिरथाच्या पोटचा असता तर वाचक एवढा हळहळला असता का? कथेनुसार कर्ण जन्मानं क्षत्रिय आहे, कुंतीचा मुलगा आहे. त्याच्यावर अन्याय झाला तो ‘उच्च कुळातल्याला हलकं समजल्याचा’. ज्याला खरंच हलकं ठरवलं गेलं, त्या सूताच्या घराचं काय? जातीची उतरंड तशीच राहते, फक्त एका माणसाची पायरी चुकली एवढंच दुःख उरतं. ‘मृत्युंजय’ वाचू नका असं आम्ही म्हणत नाही. वाचा आणि हा प्रश्न विचारा.

आणि तिच्याबरोबर ‘फकिरा’ ठेवा. अण्णाभाऊ साठे हे वाटेगावचे, म्हणजे वारणेपलीकडच्या वाळवा तालुक्यातले. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम दीड दिवस पाहिलं. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करताना, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, हा विचार त्यांनी मांडला. पुढच्याच वर्षी ‘फकिरा’ आली आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. इथं नायक मांग आहे आणि शेवटपर्यंत मांगच राहतो. त्याच्या थोरपणासाठी लेखकाला त्याचं कूळ बदलावं लागत नाही. दुष्काळात माणसं भुकेनं मरत असताना तो इंग्रजांचा खजिना लुटतो, आणि आपल्या लोकांना पकडून ठेवल्यावर त्यांच्यासाठी स्वतः हजर होतो.

या कादंबरीला प्रस्तावना आहे वि. स. खांडेकरांची आणि ती अर्पण केली आहे बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. म्हणजे कोल्हापुरातल्या सर्वांत मान्यवर लेखकानं तिची शिफारस केली होती आणि तिच्या अर्पणपत्रिकेत आपल्याच बापाचं नाव होतं. तरीही ती आमच्या वस्तीत उशिरा आली. का?

प्रस्थापितांनी दाबली, एवढं म्हणून आपली सुटका होणार नाही. आपल्या वस्तीत ‘ते मांगांचं पुस्तक’ असं म्हटलं जाई, आणि ‘अण्णाभाऊ कम्युनिस्ट’ असंही. अण्णाभाऊंची जयंती १ ऑगस्टला पलीकडच्या गल्लीत, आपली १४ एप्रिलला या गल्लीत. दोन गल्ल्यांमध्ये एक रस्ता, आणि तो ओलांडायला एका कादंबरीला काही दशकं लागली. बिंदू चौकात बाबासाहेबांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा शेजारी शेजारी उभा आहे, तोही १९५० पासून, बाबासाहेब हयात असल्यापासून. त्या पुतळ्यांना हार घालायचा आणि शेजारच्या जातीच्या लेखकाला हात लावायचा नाही, हा कुठला जातिअंत?

आमच्या बैठकीत ‘फकिरा’वर वाद झाला तो असा. एका ताईंनी विचारलं, “राणोजी जोगणीसाठी जीव देतो. ती अंधश्रद्धाच की! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपण त्यावर टाळ्या कशा वाजवायच्या?” दुसऱ्या मुलाची हरकत शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी या पात्रांवर होती, “गावचे पाटील-कुलकर्णी एवढे चांगले होते तर आपले वाडे गावाबाहेर का?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आमचं मत असं की जोगण हे निमित्त आहे, मांगाचं शौर्य गावानं वापरायचं आणि त्याची किंमत मांगाच्या घरानं मोजायची हा तिथला खरा विषय आहे. पाटील-कुलकर्ण्यांच्या प्रश्नावर मात्र आमचं अजून एकमत नाही. नसू दे. कादंबरी त्यासाठीच असते.

आणखी एक गोष्ट. आपल्या कपाटात ‘बलुतं’ आहे, ‘जिणं आमुचं’ आहे, ‘आयदान’ आहे. ही आत्मकथनं आपला कणा आहेत. पण बाहेरचा वाचक दलित लेखकाकडून फक्त आत्मकथन मागतो, म्हणजे फक्त साक्ष मागतो. तुमचं दुःख सांगा, कल्पना करायचं काम आमच्याकडे सोडा, असा त्याचा अर्थ होतो. बाबूराव बागुलांनी ‘सूड’ लिहिली, अण्णाभाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा त्यांनी कल्पना करण्याचा हक्क घेतला. तो हक्क वाचकांनी वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.

म्हणून विनंती एवढीच. येत्या महिन्यात एक कादंबरी वाचा आणि ती आपल्या वस्तीबाहेरच्या, दुसऱ्या जातीतल्या एका मित्राच्या हाती द्या. “छान आहे” एवढंच सांगून थांबू नका. यात नायक कोण आहे, राबतं कोण, मरतं कोण, आणि कोण दिसतच नाही, हे त्याच्याशी बोला. त्यानं सुचवलेली कादंबरी घरी आणा. घरी लिहिता-वाचता न येणारी आजी असेल तर तिला मोठ्यानं वाचून दाखवा; तिच्या पिढीला कुणी पुस्तक सुचवलं नाही, ती चूक आपण तरी दुरुस्त करू.

जय भीम! जय अण्णाभाऊ!