हे कुठे आहे, आणि असं का आहे?

दुसऱ्याचा कोड उघडला की पहिला प्रश्न पडतो : हे आहे कुठे? 1973 साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांच्या ‘ग्रेप’ने त्याचं उत्तर दिलं. शब्द द्या, तो असलेल्या सगळ्या ओळी हजर! पण ग्रेपला कोड कळत नाही, फक्त अक्षरं कळतात. फंक्शन लिहिलंय कुठे आणि नुसतं वापरलंय कुठे, त्याच्या लेखी सारखंच.

मग बर्कलीत केन अरनॉल्ड यांनी ‘सीटॅग्ज’ केलं. नावावरून थेट फंक्शन जिथे लिहिलंय तिथे उडी. बेल लॅब्जमध्ये जो स्टेफन यांच्या ‘सीस्कोप’ने पुढचा प्रश्न घेतला : या फंक्शनला कोण कोण बोलावतं? एक ओळ बदलली तर कुठे बिघडेल, याचा अंदाज त्यातून येऊ लागला.

‘असं का लिहिलं?’ हे मात्र उरलंच. त्यासाठी सिडनीतले प्राध्यापक जॉन लायन्स कोड वाचायला बसले. 1977 साली त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यावर, सुमारे 9 हजार ओळींवर, विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली. टीका म्हणजे ज्ञानेश्वरी ज्या अर्थाने गीतेवरची टीका आहे, तशी. पुढे परवान्याच्या अटी आड आल्या, तरी लोकांनी झेरॉक्सवर झेरॉक्स काढून ती वाचली. रीतसर प्रकाशन झालं थेट 1996मध्ये.

‘कुठे’ आणि ‘कोण’ कोडातच असतं, म्हणून टूलला सापडतं. ‘का’ बहुतेकदा तिथे नसतंच. ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. आजही.