पठाणाची सबुरी

मराठीत पठाण येतो तो व्याज घेऊन. ‘पठाणी व्याज’, ‘पठाणी वसुली’ हे शब्द आपण सहज वापरतो. दारात काठी आपटणारा उंचापुरा सावकार, एवढीच त्याची आपली ओळख. म्हणूनच गांधीजींच्या अहिंसेची फार अवघड परीक्षा याच पठाणांनी दिली, असे सांगितले की ऐकणारा क्षणभर चमकतो.

पेशावरकडच्या पठाणांचे जगणे दोन शब्दांवर उभे होते. ‘नंग’ म्हणजे इज्जत आणि ‘बदल’ म्हणजे सूड. अपमानाची फेड बापाला जमली नाही तर मुलाने करायची. पश्तू भाषेत चुलतभावाला ‘तरबूर’ म्हणतात आणि त्याच शब्दाला वैऱ्याचीही छटा आहे. भाऊबंदकी हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अशा मुलखात उत्मानझई गावच्या खान अब्दुल गफारखानांनी १९२९ मध्ये ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना काढली. ते स्वतः थंड रक्ताचे नव्हते. तरुणपणी इंग्रजांच्या ‘गाइड्स’ या नामांकित पलटणीत त्यांना अधिकारपद मिळत होते. तिथे एका गोऱ्या अधिकाऱ्याने आपल्या हिंदी मित्राचा पाणउतारा केलेला त्यांनी पाहिला आणि त्या नोकरीवर पाणी सोडले.

गफारखानांनी पठाणांना ‘अभिमान सोडा’ असे सांगितले नाही. सांगून कोणी ऐकलेही नसते. त्यांनी शपथ घ्यायला लावली : हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, छळणाऱ्याला क्षमा करीन. आता दिलेला शब्द मोडणे म्हणजे पठाणाला केवढी नामुष्की! जो ताठा आजवर बंदुकीचा चाप ओढायला लावत होता, तोच आता हात आवरायला लावू लागला. पाठ दाखवणे पूर्वीही लाजिरवाणे होते, आताही होते. फक्त आता रिकाम्या हाताने उभे राहायचे होते.

अहिंसा हे नवे शस्त्र नाही, ते पैगंबरसाहेबांनी मक्केत वापरलेले सब्राचे शस्त्र आहे, असे गफारखान सांगत. शिर्डीमुळे ‘सबुरी’ मराठी घराघरांत पोहोचली आहे, पण आपण तिचा अर्थ ‘जरा दम धर’ एवढाच घेतो. अरबी ‘सब्र’मध्ये संकटात पाय रोवून टिकणे आहे. मराठीत आपण राग ‘गिळतो’. गिळलेला राग पोटात आंबतो आणि पुढे कधीतरी भलत्याच माणसावर निघतो. सब्रातला राग गिळलेला नसतो. तो समोरच्याला दिसतो, पण त्याच्या हातात दगड नसतो.

२३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात याची कसोटी लागली. पुढाऱ्यांना पकडल्याने लोक जमले होते. चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या, माणसे चिरडली. खरे सांगायचे तर तेव्हा जमावाचा तोल गेला. मोटारसायकलवरचा एक गोरा शिपाई मारला गेला, एक गाडी पेटवली गेली. जमावातला प्रत्येकजण काही शपथ घेतलेला खिदमतगार नव्हता. पण मग गोळीबार सुरू झाला, आणि ज्यांच्या घरोघर बंदुका होत्या, ते लोक निःशस्त्र उभे राहिले. मृतांच्या सरकारी आणि लोकांच्या आकड्यांत कित्येक पटींचे अंतर आहे. गढवाल रायफल्सच्या हवालदार चंद्रसिंहांनी व त्यांच्या साथीदारांनी या जमावावर गोळी झाडायला नकार दिला. शिपाई हिंदू, जमाव मुसलमान! चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. लाल कुडत्यांचे खिदमतगार मात्र काही शेंवरून बघता बघता हजारोंवर गेले.

भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवडायचे झाले तर हिंसा पत्करावी, असे गांधीजींनी १९२० मध्येच लिहून ठेवले होते. पठाणांविषयी त्यांना एवढी आस्था का वाटली, ते यातून कळते. पुढे सरहद्द प्रांतात जायला बंदी झाल्यावर गफारखान वर्ध्याला येऊन राहिले, आणि मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल डिसेंबर १९३४ मध्ये त्यांना तिथेच अटक झाली. शिक्षा दोन वर्षांची.

फाळणी मान्य करून काँग्रेसने आपल्याला लांडग्यांपुढे टाकले, हा राग त्यांनी १९४७ नंतर कधी लपवला नाही. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बाब्रा इथे त्यांच्या माणसांवर गोळ्या झाडल्या त्या पाकिस्तानच्या पोलिसांनी. तेव्हाही ते तुरुंगात होते. तरी सूड घ्या, असा शब्द त्यांच्या तोंडून गेला नाही.

१९६९ मध्ये गांधी शताब्दीसाठी ते भारतात आले, तेव्हा अहमदाबादची दंगल ताजी होती. सत्काराचे हार तयार होते. एकोणऐंशी वर्षांच्या या पाहुण्याने तीन दिवस उपवास केला, मग गुजरातच्या दंगलग्रस्त वस्त्यांत गेला, आणि गांधींना तुम्ही विसरलात, हे आपल्या पुढाऱ्यांना तोंडावर सांगितले.