सळई, थेंब आणि सत्तावन्न टक्के

मागच्या दिवाळीतली गोष्ट. काकांच्या बुटातून खिळा वर आला होता आणि संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता! वीसेक वर्षांचा मधुमेह, तळपायाची संवेदना गेलेली. मग तीन आठवडे घरच्या घरी हळद. शेवटी काकूंनी ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक निर्जंतुक, बोथट सळई जखमेत अलगद घातली आणि म्हणाले, "हाडाला लागत नाहीये. चांगलं आहे."

बस्स, एवढंच? आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. 'टेस्ट पास' म्हणजे नेमकं काय हे कळल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून हा वीकेंडचा उद्योग.

प्रश्न साधा, पण जिवावरचा. जंतुसंसर्ग हाडात शिरला की कित्येक आठवडे अँटिबायोटिक्स, कधी शस्त्रक्रिया, कधी बोट किंवा पायच गमवायची वेळ. मग हे खाटेपाशीच ओळखायचं कसं?

1995 साली बॉस्टनच्या ग्रेसन आणि सहकाऱ्यांनी सळईची रीतसर परीक्षा घेतली. 76 जखमा तपासल्या, त्यातल्या 50 मध्ये हाडाला संसर्ग होता. या 50 पैकी 33 ठिकाणी सळई हाडाला लागली. उरलेल्या 26 पैकी फक्त 4 ठिकाणी. म्हणजे सळई लागली की 89 टक्के वेळा संसर्ग खराच. झालं, चाचणी जगभर पोचली.

पुढे 2007 साली टेक्सासच्या लॅव्हरी मंडळींनी तीच चाचणी पुन्हा तपासली. यावेळी जखमा झालेले 247 रुग्ण होते आणि हाडाचा संसर्ग फक्त 30 जणांना. सळई लागली तर संसर्ग असण्याची शक्यता किती? 57 टक्के! म्हणजे जवळजवळ नाणेफेक.

चाचणी बिघडली का? अजिबात नाही. बॉस्टनचे रुग्ण आधीच पाय धोक्यात आलेले, इस्पितळात भरती झालेले होते. टेक्सासचे रुग्ण साध्या जखमांसकट सगळे. चाचणी तीच, गर्दी वेगळी. आपल्याकडे नाही का, टेस्टिंगच्या सर्व्हरवरचा आकडा प्रॉडक्शनला गेल्यावर तोंडघशी पाडतो, तसंच.

गंमत पुढे आहे. टेक्सासमध्ये सळई लागली नाही तर 98 टक्के जणांचं हाड शाबूत होतं. बॉस्टनमध्ये हाच आकडा फक्त 56. म्हणजे काकांच्या डॉक्टरांचं "चांगलं आहे" खरं की खोटं, हे सळईपेक्षा काका कुठल्या रांगेत उभे आहेत त्यावर ठरतं. ते साध्या ओपीडीत गेले होते, सूज नाही, ताप नाही. हुश्श!

आता सळईच्या जोडीला रक्ताचा थेंब आलाय. सीआरपी हे प्रथिन टिलेट आणि फ्रान्सिस यांना 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. आज बोटाला टोचून ते काही मिनिटांत मोजता येतं. 2008 साली फ्रेंच संशोधकांना दिसलं की मधुमेही पायाची जखम नुसती आहे की चिघळलेली, हे सांगायला सीआरपी बरंच उपयोगी आहे आणि जोडीला प्रोकॅल्सिटोनिन असलं तर आणखी बरं. पण सीआरपी कुठल्याही दाहाने वाढतं, आणि पायात चांगलाच संसर्ग असूनही कधीकधी ढिम्म हलत नाही. म्हणूनच 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की निदान आधी जखम बघून करा, शंका राहिली तर रक्ताच्या चाचण्यांची मदत घ्या.

म्हणजे उद्या कोणी खाटेपाशी लावायची नवी पट्टी '95 टक्के अचूक' म्हणून आणली, तर पहिला प्रश्न एकच. कुणाच्या पायांवर तपासली?

असो. काकांची जखम भरली. रोज सकाळी बूट उलटे करून झटकतात आता. मंडळी, आज रात्री घरातल्या मधुमेही माणसाचे तळपाय एकदा स्वतः बघा. ही चाचणी फुकट आहे.