देव आणि ईश्वर

होटगीहून आगगाडीचे दोन फांटे निघतात : एक विजापुराकडे, दुसरा कलबुर्गीवरून वाडीकडे. वाडीच्या दक्षिणेस, आमच्या पंढरीच्याच भीमेच्या कांठीं, सन्नती गांव आहे. तेथील चंद्रलांबेच्या आवारांतील कालीमंदिराचें छत १९८६ सालीं कोसळलें आणि मूर्तीच्या बैठकीच्या शिळेवर अशोकाचे आदेश आढळले. अशोक बौद्ध, पण बिरुद 'देवांचा प्रिय'. मग बौद्ध धर्म ईश्वर मानतो काय ?

आमच्या मतें येथें देव आणि ईश्वर यांची गल्लत होते. पाली ग्रंथांत इंद्र-ब्रह्मा पदोपदीं भेटतात. परंतु तेही कर्माचे बांधील, पुण्य सरतांच ढळणारे. महायानांत बुद्धाची भक्ति वाढली, तरी तो जगत्कर्ता झाला नाहीं. १९५६ सालीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णु-महेशांस ईश्वर न मानण्याची प्रतिज्ञा पहिली आहे.

ईश्वरावांचून धर्म कसला, असें पुसणारांनीं सन्नतीची शिळा पाहावी. परपंथाची निंदा करूं नये, असें तिच्यावरील बारावा आदेश सांगतो. त्याचें कारण ईश्वराज्ञा नव्हे, तर सर्व पंथांतील साराची वृद्धि हें दिलें आहे. यास धर्म म्हणण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.