न विकल्या गेलेल्या तबकडीचे मोल

चर्चमधील भक्तिगायन आणि ब्लूज यांच्या संगमातून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ‘सोल’ संगीत जन्मास आले. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने १९६५ साली फ्रँक विल्सन या तरुणाच्या ‘डू आय लव्ह यू’ या गीताच्या काही नमुना-प्रती काढल्या. पण गाण्यापेक्षा निर्मात्याचे काम विल्सनला अधिक पसंत पडले. तबकडी बाजारात आलीच नाही आणि बहुतेक प्रती नष्ट झाल्या.

तिचे भाग्य उजळले ते दूर इंग्लंडच्या उत्तरेस. गिरण्या-कारखान्यांच्या त्या मुलखात शनिवारची रात्र नाचून काढणाऱ्या तरुणांना अमेरिका विसरलेली द्रुत लयीची गाणीच हवी असत. १९७३ ते १९८१ या काळात विगन कॅसिनो हे त्यांचे मोठे तीर्थक्षेत्र होते. दुसऱ्याजवळ नसलेली तबकडी वाजविणाऱ्याचा मान मोठा. म्हणून तिच्यावरील नाव झाकून खोटे नाव सांगण्याची चाल पडली. विल्सनचे हे गीतही प्रथम एडी फॉस्टर या भलत्याच नावाने वाजले. (अस्सल चीज शिष्यापासूनही लपविणारे गवई आपल्याकडे काय थोडे झाले?)

१९७९ साली ब्रिटनमध्ये हे गीत रीतसर प्रसिद्ध झाले व कोणासही अल्प दामात मिळू लागले. तरीही मूळ प्रतीस २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांहून अधिक आणि २०२० मध्ये एक लाख पौंड मिळाले. आवाज तोच, गीत तेच, मोल दुर्मिळतेचे. अशा विक्रीतून गायकाच्या पदरी मात्र काही पडत नाही. विल्सन २०१२ साली निवर्तला.