शेजाऱ्यांचा कुत्रा दिवसभर उन्हात बांधलेला असतो. तक्रार करावी का? कायदा काय सांगतो?

जालन्यातल्या मस्तगडसारख्या जुन्या वस्तीत शेजारच्या घरात काय चाललंय, हे फार काळ लपत नाही. गच्चीवर भर उन्हात बांधलेला कुत्रा, कोरडं पडलेलं भांडं, रात्रभर केकाटणं. दिसतं सगळ्यांना, बोलत कुणीच नाही. कारण उद्या पुन्हा त्यांचंच तोंड बघायचं असतं. मग 'त्यांचा कुत्रा, ते बघतील' म्हणून सोडून द्यायचं की तक्रार करायची?

दुर्लक्ष कशाला म्हणायचं?

कुत्रा भुंकतो किंवा मळलेला दिसतो, म्हणजे त्याचा छळच होतोय असं नाही. बारीक कुत्रा म्हातारा असू शकतो किंवा त्याच्यावर उपचार सुरू असू शकतात. पण प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मधलं कलम ११ काही गोष्टी स्पष्टपणे गुन्हा ठरवतं:

- मालकाने पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं
- फार आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं
- कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं
- योग्य कारणाशिवाय प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणं

थोडक्यात, कुत्रा त्यांचा असला तरी त्याला उपाशी ठेवायचा हक्क त्यांना नाही.

आधी बोलायचं की थेट तक्रार?

कुत्र्याची अवस्था बघून ठरवा. तो चालता-फिरता असेल, पण पाणी-सावलीची आबाळ होत असेल, तर आधी बोला. 'तुम्ही छळ करता' म्हणण्यापेक्षा 'काका, ऊन फार आहे, दुपारी मी पाणी ठेवू का?' असं विचारलं, तर दार उघडं राहतं. घरात आजारपण, पैशांची ओढाताण किंवा नुसतं अज्ञानही असू शकतं.

पण कुत्रा उठत नसेल, जखमेत अळ्या पडल्या असतील, पट्टा मानेत रुतला असेल किंवा त्याला मारहाण होत असेल, तर थांबू नका. अशा वेळी शेजारधर्मापेक्षा जीव मोठा.

तक्रार कुठे करायची?

तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जालना शहरात सदर बाजार, कदीम जालना अशी ठाणी आहेत. प्रसंग तातडीचा असेल तर ११२ वर फोन करा. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आणि भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाकडेही तक्रार करता येते. अर्जात तारीख, वेळ आणि काय दिसलं तेवढंच लिहा. स्वतःच्या घरातून किंवा रस्त्यावरून काढलेले फोटो जोडा. उशीर करू नका. कलम ३६ नुसार घटनेपासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही.

तक्रारीने काय होतं?

इथे अपेक्षा माफक ठेवा. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे फक्त १० ते ५० रुपये. उपासमार किंवा बांधून ठेवणं हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे तपासासाठी पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तरीही, गरज वाटल्यास कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी कलम ३४ खाली प्राणी ताब्यात घेऊन त्याची तपासणी करवू शकतो. दोष सिद्ध झाला आणि प्राणी मालकाकडे राहिल्यास पुन्हा छळ होईल असं दिसलं, तर कलम २९ नुसार न्यायालय मालकी काढून घेऊ शकतं. विष देणं किंवा जायबंदी करणं मात्र गंभीर गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद.

या दोन चुका टाळा

कुत्र्याला परस्पर सोडवून नेऊ नका, उलट तुमच्यावरच चोरीचा किंवा घरात घुसल्याचा आरोप होऊ शकतो. आणि शेजाऱ्यांचा व्हिडिओ नाव-पत्त्यासह व्हायरल करू नका. बदनामीचं भांडण सुरू झालं की मूळ प्रश्न मागे पडतो, आणि साखळीला बांधलेला जीव तिथेच राहतो.