थ्री नॉट थ्री, छर्रे आणि रोही

धामणगाव रेल्वेहून नागपूरकडे गाडी निघाली की वर्धा नदीचा पूल लागतो आणि पलीकडे पुलगाव. पुलगाव म्हटलं की आमच्याकडे एकच गोष्ट, डेपो. लष्कराच्या दारूगोळ्याचा हा प्रचंड मोठा साठा. ३१ मे २०१६ला तिथे लागलेल्या आगीत जवान आणि अग्निशमनवाले गेले, तेव्हा टीव्हीवाल्यांनाही नकाशावर पुलगाव सापडलं. अशा शेजारात वाढलेल्या माणसाला बंदुकीपेक्षा काडतुसाचं कुतूहल जास्त. आणि मंडळी, ते बरोबरच आहे. खरं मालक काडतूस असतं, बंदूक त्याच्यामागून फरफटत जाते.

आमच्या धंद्यात याला इंटरफेस म्हणतात. एकदा ठरला की बदलणं महागात पडतं, म्हणून लोक जुनं मशीन फेकत नाहीत, नव्या इंटरफेसला जोडून घेतात. इंग्रजांनी हेच केलं. ज्या १८५३च्या एन्फिल्डच्या काडतुसांवरून १८५७ला आग लागली, ती ठासणीची बंदूक. १८६६च्या सुमारास जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन माणसाच्या युक्तीने तिची मागची बाजू कापून झाकण बसवलं, की झाली मागून भरायची बंदूक! पुढे मार्टिनी-हेन्री आली, आणि तिच्याही नळ्या बदलून तिला १८९०च्या दशकात .३०३ करून घेतलं. काटकसर म्हणजे काटकसर.

पण हिंदुस्थानात आणखी एक प्रकार झाला, आणि तो कुठल्याच इंजिनियरला पटणार नाही. चांगली बंदूक मुद्दाम बिघडवायची.

रायफल म्हणजे नळीच्या आत पीळदार आटे. त्याने गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ, लांब जाते. बंडानंतर देशी शिपायांना जी मस्केट दिली गेली तिच्यात हे आटेच नव्हते, नळी आतून गुळगुळीत. दिसायला एन्फिल्ड, पण लांबचा नेम नाही. कारण उघड आहे, भरवसा उडाला होता. रायफल गोऱ्या पलटणीकडे, मस्केट देशी पलटणीकडे.

हीच कल्पना पुढे थ्री नॉट थ्रीवर लागू झाली. कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी इशापूरचा रायफल कारखाना. तिथे ली-एन्फिल्ड रायफलींची नळी आतून रुंद करून गुळगुळीत केली. व्यास झाला .४१० इंच. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच काडतूस हाताने घालायचं. आणि काडतूस? .३०३चंच पितळी कवच, फक्त पुढची मान आवळायची नाही, सरळ ठेवायचं. आता यातली गंमत बघा. बाजारात .४१० बोअरचं शिकारी काडतूस मिळतं, पण ते यात नीट बसत नाही, आणि सैन्याचं .३०३ही यात चालत नाही. बंदूक पळवली तरी खाऊ घालायला सरकारी कारखान्याचंच काडतूस लागणार. आजच्या भाषेत व्हेंडर लॉक-इन!

ही मस्केट पोलिसांना, तुरुंगावरच्या पहारेकऱ्यांना मिळाली. जमावावर चालवायची तर गोळी दोन मैलांवरच्या वावरातल्या माणसाला लागू नये, हा युक्तिवाद मला मान्य आहे. तो आजही खरा आहे. पण त्याच्या पोटात जुना अविश्वास होताच. राज्य गेलं, मस्केट राहिली. स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षं आपले पोलीस या अर्धवट बंदुका खांद्यावर वागवत होते. आणि साधी .३०३ तरी कुठे सुटली? २६ नोव्हेंबर २००८ला सीएसटीवर एके-४७ समोर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२०च्या संचलनात.

आता एक गैरसमज. नेटवर बरेच जण सांगतात की इशापूरची ७.६२ मिलिमीटरची २ए रायफल म्हणजे जुन्या .३०३चं रूपांतर. तसं नाही. १९६०च्या दशकात सैन्यात ७.६२ची एसएलआर येऊ लागली, तेव्हा त्याच काडतुसावर चालणारी बोल्टची रायफलही हवी होती. या काडतुसाचा दाब जास्त, शिवाय .३०३च्या बुडाला असते तशी बाहेर आलेली कड याला नाही, म्हणजे काडतूस ओढून काढणारा आकडा आणि मॅगझिन दोन्ही बदलायला हवं. म्हणून इशापूरने साचा जुना ठेवला, पोलाद चांगलं घेतलं आणि रायफली नव्याने बनवल्या. पुढच्या २ए१मध्ये नेमाची पट्टी २००० वरून ८०० मीटरवर आणली. शहाणपणाचं काम. २००० मीटरवर कोणाला दिसतंय! इंग्रजांनी मात्र आपल्या जुन्या नंबर ४ रायफली खरंच ७.६२ करून बघितल्या. सैन्यासाठीचा प्रयोग फसला, पण त्यातून एल४२ ही नेमबाजांची रायफल निघाली.

या सगळ्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा काडतुसांचा. खडकीचा कारखाना १८६९चा. जुन्या .३०३च्या बुडावर 'केएफ' छापलेलं दिसतं ते म्हणजे 'कर्की फॅक्टरी'. ७.६२ साठी भुसावळजवळ वरणगावचा कारखाना आला. २०२१पासून हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत.

राहता राहिला सामान्य माणूस. त्याला .३०३ ठेवायला कायद्याने बंदी, कारण ते सैन्याचं काडतूस. आपल्याकडे परवान्यावर मिळते ती .३१५. वऱ्हाडात रोही आणि डुकरं रातोरात सोयाबीन, तूर झोपवतात, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही. म्हणजे कागद आधी, काडतूस नंतर. त्या .३१५चं काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं, ८ मिलिमीटरचं. इंग्रजांच्या काळात बीएसए कंपनी याच काडतुसाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात विकायची, कारण खाजगी माणसाला .३०३ नको हे धोरण तेव्हाचंच. इशापूरने ती प्रथा तशीच चालू ठेवली. बोल्ट ली-एन्फिल्डचा, काडतूस ऑस्ट्रियन, आणि परवाना अमरावतीच्या कलेक्टर ऑफिसातून.